पाच लाख डॉलर आणि टनामागे पाच सेंट

राजकीय पक्षांना पैसा कोण देतं हा विषय निघाला की आपल्याकडे बिल्डर, साखर कारखानदार, खाणमालक आणि अलीकडे निवडणूक रोखे, एवढ्यावर चर्चा संपते. कामगार संघटना पक्षांना पैसा देतात, काही देशांत भरपूर देतात आणि त्या जोरावर सरकारी धोरणात हात घालतात, हे सहसा आपल्या डोक्यात येत नाही. याचं कारण साधं आहे. आपल्याकडे गाडी उलटी चालते. इथे पक्षालाच संघटना असते. इंटक काँग्रेसची, आयटक कम्युनिस्टांची, भारतीय मजदूर संघ संघपरिवाराचा. पोराने बापाला देणगी द्यायचा प्रश्न येत नाही.

अमेरिकेत तसं नाही. तिथल्या युनियन कुठल्याच पक्षाच्या पोटातून आलेल्या नाहीत, त्यामुळे त्यांना पक्षाशी व्यवहार करावा लागतो. या व्यवहाराचा सगळ्यात मोठा, सगळ्यात नाट्यमय आणि शेवटी रक्तात गेलेला इतिहास कोळसा खाणकामगारांच्या युनियनचा आहे. आज तो सांगतो. पोस्ट मोठी आहे, निवांत वाचा.

१९३६ साल. फ्रँकलिन रूझवेल्ट दुसऱ्यांदा अध्यक्षपदासाठी उभे. युनायटेड माइन वर्कर्स या युनियनचे अध्यक्ष जॉन एल. लुइस. वेल्श स्थलांतरित खाणकामगाराचा मुलगा, आयोवातल्या खाणगावात जन्मलेला, आवाज नाटकातल्या राजासारखा, आणि भुवया इतक्या दाट की व्यंगचित्रकारांना बाकी चेहरा काढायची गरजच पडत नसे. असं सांगतात की लुइस अडीच लाख डॉलरचा चेक आणि सोबत एक फोटोग्राफर घेऊन व्हाइट हाउसमध्ये गेले. रूझवेल्ट कसलेले राजकारणी. ते हसून म्हणाले, चेक नको, गरज लागेल तेव्हा मी कळवीन. म्हणजे फोटो टळला. पैसा मात्र टळला नाही. प्रचार संपेपर्यंत युनियनच्या तिजोरीतून देणग्या आणि कर्जं मिळून जवळजवळ पाच लाख डॉलर रूझवेल्टच्या बाजूला गेले. त्याआधी एखाद्या कामगार संघटनेने निवडणुकीत एवढी रक्कम कधी घातली नव्हती.

आता गंमत बघा. हे लुइस मुळात रिपब्लिकन. १९२८ मध्ये त्यांनी हूव्हरला पाठिंबा दिलेला. मग डेमोक्रॅट उमेदवारासाठी तिजोरी का उघडली? उत्तर कोळशाच्या भावात आहे.

१९३०च्या सुमाराला अमेरिकेची निम्म्याहून जास्त ऊर्जा दगडी कोळशातून येत होती. रेल्वे, पोलाद, वीज, घरातली शेगडी, सगळं कोळशावर. पण खाणी गरजेपेक्षा कितीतरी जास्त. पहिल्या महायुद्धात भाव चढले तेव्हा जो तो खाण खोदत सुटला आणि युद्ध संपल्यावर त्यातल्या निम्म्यांना गिऱ्हाईक उरलं नाही. कोळशाच्या खर्चात निम्म्याहून जास्त वाटा मजुरीचा. म्हणजे भाव पाडायचा तर मजुरी पाडा, दुसरा मार्गच नाही. दक्षिण वेस्ट व्हर्जिनिया आणि केंटकीतल्या, युनियन नसलेल्या खाणी हेच करत होत्या आणि त्यांच्याशी स्पर्धा करताना पेनसिल्व्हेनिया, ओहायोतले मालक युनियनशी केलेले करार फाडत होते. १९२० नंतरच्या दहा-बारा वर्षांत युनियनची अक्षरशः चाळण झाली.

लुइसना यातून एक गोष्ट पक्की कळली. नुसत्या मालकाशी भांडून मजुरी टिकणार नाही, कोळशाचा भावच कुणीतरी धरून ठेवला पाहिजे. आणि देशभर भाव धरून ठेवण्याची ताकद फक्त केंद्र सरकारकडे. म्हणजे या युनियनला ऊर्जा धोरणात रस निर्माण झाला तो काही तात्त्विक कारणाने नाही. मजुरीचा प्रश्न आणि ऊर्जेचा प्रश्न तिच्यासाठी एकच होता.

१९३३ मध्ये न्यू डीलच्या एका कायद्यात कामगारांना संघटित होण्याचा हक्क मान्य झाला. लुइसनी तिजोरीत उरलेलं किडूकमिडूक काढून सगळीकडे कार्यकर्ते पाठवले. निरोप एकच, प्रेसिडेंटची इच्छा आहे की तुम्ही युनियनमध्ये यावं. रूझवेल्ट असं कधी म्हणालेच नव्हते. पण प्रेसिडेंट तर लुइसही होते, युनियनचे! काही महिन्यांत युनियन पुन्हा भरली.

पुढे १९३५ मध्ये सिनेटर गफी यांच्या नावाने ओळखला जाणारा कोळसा कायदा आला. त्याची रचना बेरकी होती. सगळ्या कोळशावर १५ टक्के कर, पण जो मालक किमान भाव आणि मजुरीची संहिता मान्य करील त्याला त्यातला ९० टक्के परत. म्हणजे नावाला ऐच्छिक आणि व्यवहारात सक्ती. घटनेत बसतं की नाही याची शंका उघड होती. रूझवेल्टनी तर समितीला लेखी कळवलं होतं की शंका रास्त असली तरी तिच्यापायी कायदा अडवू नका. मे १९३६ मध्ये सुप्रीम कोर्टाने कायदा उडवला. नोव्हेंबरमध्ये निवडणूक. आता ते पाच लाख डॉलर या दोन तारखांच्या मधे ठेवून बघा, हिशेब लागतो.

रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकले. १९३७ मध्ये दुसरा कोळसा कायदा झाला. भाव ठरवायला सरकारी आयोग आला, मजुरीची कलमं गळली. आयोगाने भाव ठरवता ठरवता १९४० उजाडलं, आणि १९४३ मध्ये कायद्याची मुदतच संपली. थोडक्यात, देणगीदाराला हवं होतं ते अर्धंमुर्धं आणि उशिरा मिळालं.

त्याच १९३७ मध्ये पोलाद कामगारांचा मोठा संप झाला. शिकागोत रिपब्लिक स्टीलच्या बाहेर पोलिसांच्या गोळीबारात १० माणसं मेली. रूझवेल्ट काय म्हणाले? मालक आणि कामगार, दोघांच्याही नावाने त्यांनी बोटं मोडली. लुइस भडकले. रेडिओवर भाषण करून त्यांनी सुनावलं की ज्याने कामगारांच्या ताटात जेवण केलं त्याने कामगाराला आणि त्याच्या वैऱ्याला एकाच आवाजात शिव्या घालू नयेत. भाषण गाजलं, पण त्यातली तक्रार नीट ऐका. ती सावकाराची तक्रार आहे. पैसा घेतलास, आता माझं ऐक. आणि रूझवेल्टना मतं लुइसच्या चेकमुळे नाही, खाणकामगारांच्या मनातून मिळत होती. ती लुइसच्या हातात नव्हती. १९४०च्या निवडणुकीत हे उघडं पडलं. लुइसनी रेडिओवर रूझवेल्टविरुद्ध विल्कींना पाठिंबा दिला आणि रूझवेल्ट जिंकले तर सीआयओ या कामगार महासंघाचं अध्यक्षपद सोडीन म्हणाले. खाणपट्ट्याने मतं रूझवेल्टनाच दिली. लुइसनी शब्द पाळला, पद सोडलं.

मग १९४३. ऐन महायुद्धात लुइसनी खाणकामगारांना संपावर नेलं. साधारण पाच लाख माणसं. महागाई वाढलेली, मजुरी गोठवलेली, तक्रार खरीच होती, पण देश पेटला. सरकारने खाणी ताब्यात घेतल्या. काँग्रेसने रूझवेल्टचा नकाराधिकार झुगारून स्मिथ-कॉनली कायदा केला. त्यात एक छोटं कलम होतं, युद्ध असेपर्यंत संघटनांनी केंद्रीय निवडणुकीत पैसा द्यायचा नाही. कंपन्यांवर अशी बंदी १९०७ पासून होती, ती आता युनियनवर आली. १९४७च्या टाफ्ट-हार्टली कायद्याने ती कायमची केली.

आणि इथे आजच्या अमेरिकन राजकारणातल्या एका मोठ्या गोष्टीचा जन्म आहे, जो फार कमी लोकांना माहीत असतो. बंदी येताच काही दिवसांत सीआयओने वाट काढली. युनियनची तिजोरी नको, सभासदांनी वेगळी, स्वेच्छेने वर्गणी द्यायची, तिचा वेगळा निधी, वेगळी समिती. हीच पहिली पॉलिटिकल ॲक्शन कमिटी, म्हणजे पॅक. आज अब्जाधीशांच्या पॅकबद्दल आपण वाचतो, त्यांचं मूळ १९४३च्या खाणसंपात आहे.

(जाता जाता: वेगळ्या राजकीय निधीची कल्पना आपल्याला परकी नाही. १९२१ मध्ये ना. म. जोशींनी मध्यवर्ती विधिमंडळात कामगार संघटनांसाठी कायदा करा असा ठराव मांडला, १९२६ मध्ये कायदा झाला, आणि त्याच्या कलम १६ मध्ये हेच होतं: राजकीय कामाला वेगळा निधी, वर्गणीची सक्ती नाही, न देणाऱ्याचे हक्क कमी करायचे नाहीत. हे ब्रिटनच्या १९१३च्या कायद्यावरून घेतलेलं. आपल्याकडे त्या कलमाची चर्चा फारशी झाली नाही कारण वर म्हटलं तसं, पक्ष आणि संघटना एकाच घरात.)

असो. आता गोष्टीचा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग.

१९४६ मध्ये पुन्हा संप, पुन्हा खाणी सरकारी ताब्यात. या वेळी अंतर्गत (इंटीरियर) खात्याचे मंत्री क्रुग आणि लुइस यांच्यात करार झाला. निघणाऱ्या प्रत्येक टन कोळशामागे पाच सेंट एका कल्याण निधीत जमा करायचे. त्यातून खाणकामगारांना पेन्शन, विधवांना मदत, दवाखाने. पुढे दर वाढत वाढत १९५२ पर्यंत टनामागे ४० सेंटवर गेला. या निधीने ॲपलेशियाच्या डोंगरात १० हॉस्पिटलं उभारली. ज्या खेड्यात कंपनीचा डॉक्टर सोडून कुणी नव्हतं तिथे सर्जन आले. हे काम खरोखर मोठं आहे आणि ते कमी लेखू नये.

पण रचना बघा. पेन्शन माणसामागे नाही, टनामागे. किती माणसं काम करतात याच्याशी निधीला देणंघेणं नाही, किती कोळसा निघतो याच्याशी आहे. मग युनियनचं हित कशात? जास्त कोळसा निघण्यात. १९५० मध्ये लुइसनी मालकांशी तह केला: यंत्रं आणा, माणसं कमी करा, आम्ही आडवे येत नाही, उरलेल्यांना चांगली मजुरी द्या आणि टनामागचे पैसे देत राहा. १९५० मध्ये चार लाखांच्या वर खाणकामगार होते, १९६० मध्ये सुमारे पावणेदोन लाख. बाकीचे डेट्रॉइट, शिकागो, क्लीव्हलँडच्या झोपडपट्टीवजा चाळींत गेले.

तोवर रेल्वे डिझेलवर गेली होती, घरं तेल आणि गॅसवर. कोळशाला मोठं गिऱ्हाईक एकच उरलं, वीजकंपन्या. तेव्हा युनियनने काय केलं? वॉशिंग्टनमधली एक बँक १९४९ मध्येच विकत घेतलेली. कल्याण निधीचे कोट्यवधी डॉलर त्या बँकेत बिनव्याजी पडून. आणि निधीच्या पैशाने क्लीव्हलँड आणि कॅन्सस सिटीच्या वीजकंपन्यांचे शेअर घेतले, म्हणजे कंपनीवर दाब आणून तिला युनियनच्या खाणीतला कोळसा घ्यायला लावता यावं. विधवेच्या पेन्शनचा पैसा वीज खरेदी धोरण फिरवायला! १९७१ मध्ये कोर्टाने हे सगळं बेकायदा ठरवलं, पण तोवर वीस वर्षं गेली होती. १९५९ मध्ये तर युनियन, खाणमालक, रेल्वे आणि वीजकंपन्या यांनी मिळून एकच लॉबी स्थापन केली, नाव नॅशनल कोल पॉलिसी कॉन्फरन्स. परदेशी तेलावर बंधनं घाला, कोळसा जगवा. कामगार आणि मालक एका टेबलावर, एकाच बाजूला.

मालकाच्या बाजूला बसल्यावर काय होतं ते २० नोव्हेंबर १९६८ ला दिसलं. वेस्ट व्हर्जिनियात फार्मिंग्टन इथे खाणीत स्फोट झाला, ७८ माणसं गेली, १९ जणांचे मृतदेह कधी निघालेच नाहीत. लुइस निवृत्त होऊन आठेक वर्षं झाली होती, युनियनचे अध्यक्ष होते टोनी बॉयल. ते आले, धुमसत्या खाणीजवळ उभं राहून त्यांनी कंपनीचं कौतुक केलं, सुरक्षेच्या बाबतीत सहकार्य करणारी कंपनी आहे म्हणाले. आत माणसं होती अजून.

तीन महिन्यांत वेस्ट व्हर्जिनियाचे खाणकामगार स्वतःच्या युनियनला न विचारता संपावर गेले. मागणी मजुरीची नव्हतीच. कोळशाची धूळ फुप्फुसात जाऊन माणूस चाळिशीत धापा टाकायला लागतो, त्याला ते काळं फुप्फुस म्हणतात. हा धंद्यातून झालेला आजार आहे हे राज्याने मान्य करावं आणि भरपाई द्यावी, एवढीच मागणी. तीन डॉक्टर गावोगाव सभा घेत होते. १८ फेब्रुवारी १९६९ ला रॅले काउंटीतली एक खाण बंद पडली आणि बघता बघता ४० हजार माणसं बाहेर. राजधानी चार्ल्सटनवर मोर्चा. ११ मार्चला गव्हर्नर आर्च मूर यांनी कायद्यावर सही केली. तीन आठवडे! तीन आठवड्यांत, तिजोरीतला एक डॉलरही न घालता, त्या माणसांनी ते मिळवलं. वर्षअखेर, ३० डिसेंबरला, निक्सन यांनी खाणसुरक्षेच्या केंद्रीय कायद्यावर सही केली.

दुसऱ्या रात्री, ३१ डिसेंबरला, बॉयलविरुद्ध युनियनची निवडणूक लढवून हरलेले जॉक याब्लॉन्स्की, त्यांची बायको आणि मुलगी यांना घरात झोपेत गोळ्या घातल्या गेल्या. मारेकऱ्यांना दिलेले २० हजार डॉलर युनियनच्या तिजोरीतून काढलेले होते. याब्लॉन्स्की त्याच वर्षी काही आठवडे युनियनच्या राजकीय शाखेचे प्रमुख होते. पैसा कुठून कुठे जातो हे ठाऊक असलेला माणूस.

बॉयल खुनाच्या गुन्ह्यात १९७४ ला दोषी ठरले. पण त्याआधी, १९७२ मध्ये, ते वेगळ्याच गुन्ह्यात अडकले: युनियनचे सुमारे ४९ हजार डॉलर बेकायदा निवडणूक देणग्यांत दिले म्हणून. त्यातले ३० हजार १९६८ मध्ये हम्फ्री यांच्या प्रचाराला. लुइसच्या संपावर चिडून केलेल्या बंदीने लुइसच्या वारसाला धरलं. त्याच डिसेंबरमध्ये आर्नल्ड मिलर निवडून आले. काळ्या फुप्फुसाचे स्वतः रुग्ण, संपातून पुढे आलेले.

युनियन सुधारली, म्हणून कोळशाची बाजू सोडली का? नाही. १९७७ च्या हवा प्रदूषण कायद्यात नव्या वीजकेंद्रांना धुरातून गंधक काढायची यंत्रणा जवळजवळ सक्तीची झाली, कोळशात गंधक मुळात कमी असलं तरी. पश्चिमेकडे वायोमिंगमध्ये कमी गंधकाचा, उघड्या खाणीतला आणि बिगर-युनियन कोळसा होता. यंत्रणा बसवायचीच असेल तर तो लांबून आणायचा कशाला? पूर्वेचा जास्त गंधकवाला, युनियनचा कोळसा वाचला. पर्यावरणवादी आणि खाणकामगार इथे एका बाजूला होते आणि दोघांची कारणं वेगळी. १९९० मध्ये हीच लढाई युनियन हरली. बेकार होणाऱ्या खाणकामगारांना भरपाई द्या ही सिनेटर रॉबर्ट बर्ड यांची दुरुस्ती एका मताने पडली. एका मताने. मग इलिनॉय राज्याने १९९१ मध्ये स्वतःचा कायदा केला, वीजकेंद्रांनी राज्याचाच कोळसा वापरावा म्हणून. १९९५ मध्ये कोर्टाने तो उडवला, कारण दुसऱ्या राज्याच्या मालाशी असा भेदभाव करता येत नाही.

त्याच इलिनॉयने सप्टेंबर २०२१ मध्ये कोळसा टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा कायदा केला. त्यामागेही युनियनच होत्या, पण इमारत, वीज आणि यंत्रचालकांच्या, ज्या त्या राज्यात उमेदवारांना भरघोस देणग्या देतात. सौर आणि पवन प्रकल्पांची कामं युनियन करारानेच द्यायची हे कलम त्यांनी घालून घेतलं, अणुवीज केंद्रं वाचवायला सुमारे ६९ कोटी डॉलर मंजूर करून घेतले, आणि प्रेअरी स्टेट या प्रचंड कोळसा केंद्राला २०४५ पर्यंतची मुदत मिळाली. कुणाला हा सौदा घाण वाटेल. मला तो निदान उघड वाटतो. आपल्याकडे जानेवारी २०२३ मध्ये महावितरणच्या कर्मचाऱ्यांनी अदानींच्या समांतर वीज परवान्याविरुद्ध संप केला आणि उपमुख्यमंत्र्यांशी चर्चा होऊन तो पहिल्याच दिवशी मागे घेतला गेला. आश्वासन मिळालं, पण कायद्यात एक ओळही लिहिली गेली नाही. इलिनॉयच्या युनियननी निदान कलमं लिहून घेतली.

आता खाणकामगारांचं शेवटचं वळण. कोळसा घटला, कंपन्या एकामागून एक दिवाळखोरीत गेल्या, टनामागचा पैसा आटला. ऑक्टोबर २०१९ मध्ये मरे एनर्जी बुडाली, ती पेन्शन निधीत मोठी वर्गणी भरणारी शेवटची कंपनी. डिसेंबरमध्ये काँग्रेसने पेन्शनची जबाबदारी सरकारी खजिन्यावर घेतली. सत्तर वर्षांनी म्हातारीची पेन्शन कोळशाच्या टनापासून सुटली. त्यानंतर दीड वर्षात, एप्रिल २०२१ ला, युनियनचे अध्यक्ष सेसिल रॉबर्ट्स यांनी जाहीर केलं की खाणपट्ट्यात नव्या नोकऱ्या आणि पोरांना प्रशिक्षण मिळणार असेल तर ऊर्जेतला बदल आम्ही मान्य करू. लोक म्हणतील योगायोग. मला तसं वाटत नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाचे सिनेटर जो मँचिन यांनी बायडन यांचं हवामान विधेयक अडवलं. दुसऱ्याच दिवशी त्यांना फेरविचार करा असं सांगणारं पत्रक निघालं, ते खाणकामगारांच्या युनियनचं. ऑगस्ट २०२२ ला विधेयक वेगळ्या नावाने, लहान होऊन मंजूर झालं. काळ्या फुप्फुसाच्या रुग्णांसाठी कोळशावर टनामागे जो कर घेतात, जमिनीखालच्या खाणीला एक डॉलर दहा सेंट आणि उघड्या खाणीला पंचावन्न सेंट, तो त्यात कायमचा करून टाकला आहे.